कोषातून माश्या निघाल्या? डबा फेकू नका

कोथरूडला आमच्या बाल्कनीत कुंडीतला एक कढीपत्ता आहे, कमरेएवढा. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यावरच्या पाच अळ्या मी डब्यात ठेवल्या. भाचीला फुलपाखरू बाहेर येताना दाखवायचं होतं. डब्याला मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि डबा बाल्कनीतच ठेवला. कोष झाल्यावर दोन दिवसांनी पालीच्या भीतीने झाकण लावलं. चार फुलपाखरं झाली. पाचवा कोष मात्र तपकिरी पडला आणि तसाच राहिला. मेला असं धरून टाकायला उचलला, तर हाताला अगदी हलका आणि बाजूला टाचणीने टोचल्यासारखं भोक. झाकणाला आतून तिळाएवढ्या, हिरवट चमकणाऱ्या माश्या चिकटलेल्या. मी डबा कचऱ्यात रिकामा केला, साबणाने धुतला आणि भाचीला फोनवर सांगितलं, "अगं, एकाला कीड लागली."

ती म्हणाली, "मावशी, पण अळी म्हणजे कीडच ना?"

त्या माश्या टेरोमॅलस प्युपेरम, म्हणजे फुलपाखराच्या कोषात वाढून त्याला संपवणाऱ्या जातीच्या असाव्यात, हे वर्षभराने कळलं. असाव्यात एवढंच म्हणता येतं, कारण दाखवायला एकही शिल्लक नव्हती. तेव्हापासून अशा माश्या बघायला अळ्या-कोषांचे डबे भरतेय, चुका करतेय. नव्याने सुरू करणाऱ्याने त्याच चुका परत करू नयेत म्हणून हे लिहून ठेवते.

आधी थोडं समजून घ्या

ऊ किंवा गोचीड रक्त पिते, पण यजमानाला, म्हणजे ज्याच्या जिवावर जगते त्याला, सहसा मारत नाही. कोळी मारतो, पण जन्मभर एकामागून एक भक्ष्य मारत राहतो. आपली माशी या दोघांच्या मधली. तिचं पिल्लू एकाच यजमानाच्या अंगात किंवा अंगावर वाढतं आणि वाढून होईपर्यंत त्याला संपवतं. मोठी झालेली माशी बहुतेक वेळा फुलातला मध आणि माव्याचा (झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा) गोड चिकटा खाऊन जगते. अशा जगण्याला १९१३ मध्ये रॉयटर या फिनलंडच्या कीटकतज्ज्ञाने 'पॅरासिटॉइड' हा शब्द दिला. शेतीच्या मराठी पुस्तकांत 'परोपजीवी मित्रकीटक' म्हणतात. मी इथे परोपजीवी माशी म्हणेन. खरं तर या गांधीलमाशीच्या नात्यातल्या, पण गांधीलमाशी म्हटलं की घरातले चप्पल शोधायला लागतात.

कीर्तनात कीटक-भृंगी न्याय ऐकला असेल. भृंगी अळीला मातीच्या घरट्यात कोंडते, भोवती गुणगुणत राहते आणि तिच्या ध्यासाने अळीचीच भृंगी होते. दृष्टान्त भक्तीचा आहे, पण ज्याने तो पहिल्यांदा दिला त्याने घरटं नीट पाहिलं होतं: अळी आत गेली, माशी बाहेर आली. मधलं तेवढं भिंतीआड राहिलं. कुंभारीण माशी डंख मारून लुळी केलेली अळी आत ठेवते, तिथेच आपलं अंडं घालते आणि तिचं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. आपल्या परोपजीवी माश्यांनी घरटं बांधायचेही कष्ट वाचवले आहेत. अळीचं अंग हेच घरटं.

यांच्या दोन तऱ्हा आहेत, आणि डबा सांभाळताना तो फरक कळायला लागतो. पहिल्या तऱ्हेतल्या माश्या यजमानाची वाढ आहे तिथेच थांबवतात. अंड्यावर किंवा कोषावर येणाऱ्या बऱ्याचशा अशा. दुसऱ्या तऱ्हेतल्या अळीला जगू देतात, खाऊ देतात, कातही टाकू देतात आणि आतून वाढत राहतात. अळीच्या शरीराने परक्या अंड्याला घेरून मारू नये म्हणून ब्रॅकोनिड कुळातल्या कितीतरी माश्या अंड्यासोबत एक विषाणूही टोचतात. हा विषाणू माशीच्याच जनुकांत वस्तीला आहे, सुमारे १० कोटी वर्षांपासून. त्यामुळे अळी धडधाकट दिसली, भरपूर खातेय, म्हणून ती मोकळी आहे असं समजू नका.

१. सामान जमवा

तुळशीबागेत एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं.

- झाकणाचे पारदर्शक डबे, निदान सहा. एका डब्यात एकच यजमान ठेवायचा.
- मलमलीचा तुकडा आणि रबरबँड. मच्छरदाणी नको. तिच्या भोकातून डास जात नाही, पण ही माशी आरामात आत-बाहेर करते. माझ्या डब्यात ती तशीच शिरली.
- टिश्यू पेपर, कापूस, शून्य नंबरचा रंगाचा ब्रश.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळवाले वापरतात तसलं. मोबाइलला लावायचं मॅक्रो भिंगही चालेल, पण आधी हातातलं घ्या.
- आलेख कागदाचा तुकडा. फोटोत माशीखाली ठेवला की मापाचा प्रश्न सुटतो.
- बुचाच्या छोट्या काचेच्या बाटल्या आणि केमिस्टकडचं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझरची जेल घेऊ नका, त्यात माशी मुरंब्यातल्या फोडीसारखी अडकते.
- पेन्सिल आणि वही. पेन्सिलच का, ते पुढे येईल.

कागदपत्रं काही लागत नाहीत, मात्र तुमच्या स्वतःच्या कुंड्या, सोसायटीची बाग किंवा ओळखीच्याचं शेत एवढ्यातच राहायचं. वेताळ टेकडीचा बराच भाग वन विभागाकडे आहे. तिथून परवानगीशिवाय अळ्या उचलून आणू नका. फोटो काढा आणि परत या. सोसायटीच्या बागेतही माळीकाकांना आधी सांगून ठेवा. फवारणी कधी आहे तेही त्यांच्याकडूनच कळतं.

२. पहिला डबा अळीचा नको, माव्याचा

सगळे अळीपासून सुरू करतात, मीही तेच केलं. अळीला रोज ताजा पाला लागतो, ती घाण करते, मरते, आणि आठवड्यात उत्साह मावळतो. माव्याच्या ममीला यातलं काहीच लागत नाही.

रुईचं झुडूप शोधा. रिकाम्या प्लॉटवर, नदीकाठी, रस्त्याच्या कडेला कुठेही असतं. कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा दाटलेला दिसेल. त्यात मधूनच एखादा दाणा फुगलेला, गव्हाळ रंगाचा, कागदासारखा कोरडा असतो. ब्रशने हलकेच ढकला. बाकीचे पाय हलवतात, हा हलत नाही. हीच ममी. आतल्या पिल्लाने मावा पोखरून रिकामा केला, त्याच्या पोटाखाली चीर पाडून त्याला रेशमाने पानाला चिकटवला आणि आता त्याच्याच कातड्याच्या आत ते कोषात आहे.

पानाचा तेवढा तुकडा कापून डब्यात ठेवा. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. डोळ्याला मोठी इजा होते. हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका आणि हे काम लहान मुलांना देऊ नका.

आठवड्याच्या आत ममीच्या मागच्या बाजूला गोल झाकण उघडतं आणि दोन मिलिमीटरची काळपट माशी बाहेर येते. झाकण कधी कधी बिजागरीवर लटकल्यासारखं तसंच राहतं. भिंगातून ते एकदा पाहिलं की बाकीचे डबे आपोआप भरले जातात. रुईपाशीच दहा मिनिटं थांबायची तयारी असेल तर अंडं घालतानाही दिसेल. माशी माव्यासमोर उभी राहते, पोट स्वतःच्या पायांमधून पुढे वळवते आणि टोचते. क्षणाचं काम. मावा एक लाथ झाडतो आणि परत रस शोषायला लागतो.

रुई नको वाटत असेल तर जास्वंद बघा. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांत (अंगावर पांढरी पूड असलेल्या, रस शोषणाऱ्या किड्यांत) ती पूड झडून गेलेले, तपकिरी, चामडी पिंपासारखे दाणे असतात. त्याही ममी. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणातून निघणारी एनॅसियस नावाची माशी शेतीवाल्यांच्या चांगली ओळखीची आहे. जास्वंदीवर मुंग्यांची रांग असेल तर ममी कमी सापडतील. चिकट्याच्या मोबदल्यात मुंग्या ढेकणांची राखण करतात आणि माशीला हुसकावतात. खोडाला ग्रीस लावलेल्या कागदाचा पट्टा गुंडाळा, पंधरवड्याने परत बघा.

३. मग कढीपत्त्याकडे या

कढीपत्ता, लिंबू, बेल या झाडांवर लिंबाचं फुलपाखरू आणि कॉमन मॉर्मन अंडी घालतात. पुण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत अळ्या भरपूर मिळतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी हिरवीगार होते. डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंग काढते आणि आंबट वास सोडते.

नवखे इथे चुकतात. घरात आणल्यावर परोपजीवी माशी कुठून येणार? ती आधीच येऊन गेलेली असायला हवी. म्हणून यजमान ज्या अवस्थेत उचलाल, त्या अवस्थेपर्यंतच्याच माश्या मिळतील.

अंडं उचललंत तर फक्त अंड्यावरच्या माश्या मिळतील. अंडं टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट पिवळं असतं. आत माशी असेल तर ते काळं पडतं. पण निरोगी अंडंही फुटण्याच्या आदल्या दिवशी गडद होतं, कारण आतल्या अळीचं डोकं दिसायला लागतं. मी अशी तीन अंडी 'परोपजीवीग्रस्त' म्हणून वहीत नोंदवली होती. दुसऱ्या दिवशी तिन्हींतून अळ्या निघाल्या. निकाल बाहेर काय येतं त्यावर लावायचा, रंगावर नाही.

मोठी अळी उचललीत तर अळीवरच्या माश्या मिळायची शक्यता, पण कोषावरच्या नाहीत. त्या हव्या असतील तर अळीला झाडावरच कोष करू द्या, दोन-तीन दिवस थांबा आणि मग कोष काडीसकट कापून आणा. टेरोमॅलसची मादी कोष करायला टेकलेल्या अळीजवळ जाऊन वाट बघत बसते. कोष नुकताच झालेला, कातडी मऊ असतानाच तिची नळी आत शिरते. नंतर तो टणक होतो. एका कोषातून पाच-पंचवीस नाही, शंभरावरही माश्या निघतात, सगळ्या एक-दोन भोकांतून, रांगेने. कधी एका कोषातून एकच मोठी, काळी-पिवळी, मागच्या मांड्या ढोलासारख्या फुगलेली माशी निघते. ती ब्राकिमेरिया. मांड्या एकदा पाहिल्या की ती दुसऱ्या कशातच मिसळत नाही.

सुरवंटाच्या अंगावर तांदळाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे कोष दिसले की लोक म्हणतात, "अळीने अंडी घातली." अळी अंडी घालत नाही. ते माशीच्या पिल्लांचे रेशमी कोष आहेत. पिल्लं आतून खाऊन बाहेर आली आहेत आणि अळीचे आता थोडेच दिवस उरले आहेत. अशी अळी मिळाली तर पाला बदलत बसू नका. फांदीसकट डब्यात ठेवा आणि हलवू नका.

४. एरंड

एरंडावरची उंटअळी एकदा पाळून बघाच. चालताना पाठीची कमान करते. ती मायक्रोप्लायटिसच्या तावडीत सापडली असेल तर माशीचं एकच पिल्लू बाहेर येतं आणि अळीच्या शेपटीलाच चिकटवून आपला कोष विणतं. अळी जिवंत असते पण खात नाही, सरकत नाही. कुणी हात लावला तर झटका देते आणि आपल्याला खाणाऱ्याचीच राखण करत बसते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस कसंतरी झालं होतं.

५. रोज काय करायचं

पाला सकाळी बदला, विष्ठा झाडून टाका. पावसाळ्यात पुण्यातली हवा अशी असते की पापडही मऊ पडतात. डब्यात पाणी शिंपडलंत तर दोन दिवसांत बुरशी येते. तळाला टिश्यू आणि वर मलमल, एवढं पुरे. एप्रिल-मे महिन्यांत उलटं करायचं. कोष सुकतो, म्हणून झाकणाच्या आत ओलसर कापसाचा बोळा चिकटवा. डबा उन्हात कधीच नको, गच्चीवर तर नाहीच. मुंग्यांसाठी कपाटाचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवतो तसंच करा: मोठ्या ताटात पाणी, मधे वाटी उपडी, वाटीवर डबा.

अळी मेली, काळी पडली, तिचं पाणी झालं तर तो रोग, फेकून द्या. अळी मेली पण कोरडी, ताठ राहिली तर फेकू नका. कोष महिनाभर तसाच राहिला तरीही थांबा. काही जाती हिवाळा किंवा उन्हाळा आतच झोपून काढतात. माझा एक डबा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत फ्रीजच्या वर होता.

६. माश्या निघाल्या. आता?

आधी दार-खिडकी बंद. डबा उजेडाकडे धरा, माश्या उजेडाच्या बाजूला जमतात, मग झाकण उघडायला भीती नाही. त्यांना जिवंत ठेवून बघायचं असेल तर मधात पाणी मिसळून झाकणावर ब्रशने एक बारीक रेघ ओढा. थेंब टाकू नका, त्यात बुडून मरतात.

नर-मादी बघा. टोकदार नळी दिसली तर मादी. या माश्यांत फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्यातून नर, म्हणजे आई ठरवून मुलगा-मुलगी देते. यजमान लहान, कमी खाण्याचा असेल तर बऱ्याच जातींत तिथे नराचं अंडं जातं आणि मोठ्यात मादीचं. म्हणून संख्या लिहिताना नर किती, माद्या किती हेही लिहा.

तीन-चार नमुने ठेवायला पुरतात, बाकीच्या त्याच झाडावर सोडा. नमुन्यांसाठी बंद बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये, मग अल्कोहोलमध्ये. फ्रीझरबाबत घरात आधी बोलून घ्या. आमच्याकडे पुरणाच्या डब्याशेजारी बाटली सापडली तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, यावर नाव तरी घालायचं होतंस." त्यांचं बरोबर होतं. डीएनए तपासण्यासाठी ९५ टक्क्यांवरचं इथेनॉल लागतं. ते घरगुती काम नाही, त्याच्या मागे लागू नका.

७. चिठ्ठी

नाव घालण्यावरून. माझ्या पहिल्या सगळ्या बाटल्यांत मी जेल पेनने सुरेख अक्षरात चिठ्ठ्या घातल्या होत्या. आठवड्यात सगळं निळं पाणी. अकरा बाटल्या, कुठली कुठून आली ते देवाला ठाऊक. पेन्सिलने लिहा, चिठ्ठी बाटलीच्या आत घाला आणि तेच वहीत उतरवा. उदाहरणार्थ:

*पुणे, कोथरूड, ३ रा मजला, बाल्कनी. कढीपत्ता. कॉमन मॉर्मन, कोष, झाडावरून उचलला १२ सप्टेंबर. माश्या निघाल्या २४ सप्टेंबर, ५८ (माद्या ५१, नर ७).*

यजमान कोण आणि कुठल्या झाडावर, हे नसेल तर नमुन्याची किंमत निम्म्याने उतरते. अळी ओळखू येत नसेल तर तिचा फोटो आधीच काढून ठेवा. ती खलास झाल्यावर ओळखायला काही उरत नाही.

८. निघालं ते नक्की कोण?

पंख मोजा. दोन पंख, आखूड मिशा, अंगावर राठ केस, डब्यात लालसर तपकिरी गुळगुळीत गोळीसारखा कोष: ही माशी नाही, म्हणजे खरीखुरी माशी आहे! टॅकिनिड. रेशीमवाल्यांची उझी माशी याच कुळातली. चार पंख, बारीक कंबर, लांब मिशा असतील तर तो आपला विषय.

माव्याच्या ममीचं भोक गुळगुळीत, झाकणाचं असेल तर निघालेली माशी माव्याची शत्रू. भोकाची कड कुरतडल्यासारखी ओबडधोबड असेल तर बहुधा त्या शत्रूचा शत्रू निघाला, म्हणजे परोपजीवीवरची परोपजीवी. चोरावर मोर. एकाच अळीच्या डब्यातून दोन तऱ्हेच्या माश्या आल्या तर गोंधळू नका, दोघींना वेगळ्या बाटल्या द्या.

आणि कधी एखादी उंटअळी नेहमीपेक्षा मोठी होते, मग वाळून साबुदाण्याच्या पिशवीसारखी गच्च होते. ती कोपिडोसोमा. एका अंड्याचे आत तुकडे पडत पडत दोन हजारांपर्यंत माश्या होतात. मोजायच्या भानगडीत पडू नका, पिशवीचा फोटो काढा.

जातीचं नाव लावायची घाई नको. इक्न्यूमोनिड या एका कुळातच २५ हजारांवर जातींना नावं दिली गेली आहेत, आणि टेरोमॅलस ज्यात येते त्या कॅल्सिड गटात नाव नसलेल्याच जास्त असाव्यात असा अंदाज आहे. कुळापर्यंत पोहोचलात तरी खूप. बाजूने, वरून, तोंड, पंख पसरलेला, मागचा पाय, असे पाच फोटो काढा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना यजमानाचा फोटोही जोडा. फक्त माशीचा फोटो टाकला की वर्षभर कुणी ढुंकून पाहत नाही.

चावतात का? बहुतेकींची नळी माणसाच्या कातडीसाठी नाही. अपवाद पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटवर येणाऱ्या नारिंगी, लांब पायांच्या, चपट्या वाकड्या पोटाच्या इक्न्यूमोनिड माश्यांचा. मुठीत धरलीत तर टोचतात. डब्याने झाका.

९. झाड नाही? स्वयंपाकघर आहे

खिडकीच्या काचेवर चढ-उतार करणारी काळी माशी बघितली असेल. पोट इवलंसं, कुऱ्हाडीच्या पात्यासारखं, आणि सारखं वरखाली हलतं. ती इव्हेनिया. झुरळाच्या अंड्यांच्या डबीत अंडं घालते आणि तिचं एक पिल्लू डबीतली सगळी अंडी फस्त करतं. लोक तिला मारतात आणि झुरळांसाठी औषध मागवतात.

तांदळात सोंडे झाले की त्यांच्यामागून बारीक काळ्या माश्या येतात, त्याही परोपजीवी. डबा उन्हात टाकण्याआधी मूठभर तांदूळ बरणीत ठेवून, तोंडाला मलमल बांधून बघा. हा सगळ्यात स्वस्त प्रयोग.

नशीब असेल तर तळमजल्यावर हिरव्या-निळ्या रंगाची, लाल मांड्यांची अँप्युलेक्स दिसेल. झुरळाला दोन डंख मारते, दुसरा थेट डोक्यात. मग ते पळायचं विसरतं आणि ती त्याची मिशी धरून दावणीच्या गाईसारखं बिळात नेते.

१०. ट्रायकोकार्ड आणायचं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची, पतंगांच्या अंड्यात वाढणारी माशी. कार्डावर धान्यातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात, प्रत्येकात माशी, कार्डामागे सुमारे २० हजार. शेताला ते उत्तम. बाल्कनीत लावणं म्हणजे चार माणसांच्या घरात लग्नाचा स्वयंपाक. शिवाय ही माशी फुलपाखरांच्याही अंड्यात शिरते, तेव्हा कढीपत्त्यावर फुलपाखरं हवी असतील तर लावूच नका. शेत असेल तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करा. कार्डाचे तुकडे पानाखाली, संध्याकाळी लावायचे, आणि आगेमागे फवारणी करायची नाही. अंडी काळी असताना लावा. भोकं पडलेलं कार्ड विकत घेतलंत तर रिकामी टरफलं आणलीत.

शेतातला हिशेब वेगळाच असतो. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये भारतात सापडला. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून असेरोफेगस पपाये ही माशी आणली आणि ढेकूण आटोक्यात आला. उसावरचा लोकरी मावा २००२ पासून पश्चिम महाराष्ट्रात माजला होता. त्यावर ईशान्य भारतातून आणलेल्या एन्कार्सिया माशीने काम केलं.

११. कुणाला दाखवायचं

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे. बाटल्यांची पिशवी घेऊन थेट दारात उभं राहू नका. आधी फोटो आणि चिठ्ठीतली माहिती ईमेलने पाठवा, विचारा. एका कार्यालयात मी अशीच गेले होते. फाटकावरच्या गृहस्थांनी पिशवीत डोकावून "बाई, हे महापालिकेत द्या" असं सांगून परत पाठवलं. दोष माझा, आधी कळवलं नव्हतं. आणि परदेशातल्या कुणी तज्ज्ञाने आपुलकीने "मला पाठवा" म्हटलं तरी नमुना पोस्टात टाकू नका. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, परवानगी लागते. फोटो पाठवायला काही अडचण नाही.

आत्ता फ्रीजवर एरंडाची अळी आहे, शेपटीला कोष. आज सहावा दिवस. सकाळी भिंगातून पाहिलं तर कोषाच्या टोकाला केसासारखी गोल रेघ उमटली होती, म्हणजे आतून टोपण कापायला घेतलंय. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीत घातली आहे, निघाल्याची तारीख तेवढी कोरी आहे.